राहीबाईंचा रेडिओ

गहिनीनाथ साखर कारखान्यात वायरमन होता, पण बेलापुरात तो स्वतःला रेडिओवाला म्हणवून घेई. सुट्टीच्या दिवशी घरी बसून तो कुणाची इस्त्री, कुणाचा पंखा दुरुस्त करायचा. एकदोन रेडिओही त्याच्या हातून पुन्हा बोलू लागले होते. तेवढ्यावर त्याच्या बढाया मात्र फार वाढल्या होत्या.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली, तेव्हा शेजारच्या राहीबाई आपला रेडिओ जुन्या लुगड्यात गुंडाळून घेऊन आल्या. त्यांचा बन्सी फौजेत होता, सरहद्दीवर. "कान लावला तर बातम्या कळत्यात, पर घरघर लई हाय," त्या म्हणाल्या. नगरच्या दुकानात दाखवू या, असं बायको पुष्पावतीनं सुचवून पाहिलं. गहिनीनाथ हसला. सांजच्या बातम्या खणखणीत ऐका, असं त्यानं राहीबाईंना सांगून टाकलं.

घरघर कंडेन्सर बिघडल्यामुळे होते, एवढं त्याला ठाऊक होतं. नवा कंडेन्सर त्यानं जोडला, पण उलटा. बटण फिरवल्यावर थोड्याच वेळात आतून धूर निघाला, जळका वास घरभर पसरला आणि रेडिओ ठार गप्प झाला.

सांजेला राहीबाई आल्या. एक भाग पुण्याहून मागवावा लागेल, असं तो त्यांच्याकडे न बघता म्हणाला. मग त्या रोज दारात येऊन उभ्या राहू लागल्या. भाग आला का, एवढंच विचारायच्या. तो काहीतरी नवं सांगायचा आणि पुष्पावती चुलीकडे तोंड फिरवायची. पुढे पुढे तर त्यांची चाहूल लागली की तो मागच्या दारानं निघून जाई.

लढाई थांबली, तरी बन्सीची खुशाली आली नव्हती. "आज तुमी न्हाई सांगितलं तर मी सांगनार," पुष्पावती म्हणाली.

तो गेला तेव्हा राहीबाई आपल्या ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. "मावशी, रेडिओ माझ्या हातनं जळला," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी."

त्यांच्या हातातलं सूप थांबलं. "जळला तर जळला. पर कारखान्यात बातम्या कानावर पडत असत्याल तुझ्या. तेवढ्या तरी येऊन सांगायच्या हुत्यास."

गहिनीनाथला हे सुचलंच नव्हतं. तोंड लपवण्यातच त्याचे सगळे दिवस गेले होते. तो तसाच मागे फिरून निघून गेला.

त्यानं नगरच्या दुकानातून रेडिओ दुरुस्त करून आणला आणि पुष्पावतीच्या हाती पाठवून दिला. स्वतः गेला नाही.

उन्हाळ्यात बन्सी रजेवर आला, धडधाकट. दुसऱ्याच दिवशी तो गहिनीनाथच्या घरी आला आणि आईला रेडिओ नीट करून दिलात, लई उपकार झाले, असं म्हणाला. राहीबाईंनी त्याला काहीच सांगितलेलं नव्हतं.

"मी न्हाई केला. नगरच्या दुकानदारानं केला," गहिनीनाथ म्हणाला. पुढचं त्याच्या तोंडून निघेना. बन्सी चहा पिऊन उठेपर्यंत तो खाली मान घालून बसून राहिला.