साडूभाऊंचं हिरवं तळं

आमच्या थोरल्या साडूभाऊंइतका पाण्यावर डूख धरून बसलेला माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही. माजलगावला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि आमच्या गावात, तळ्याच्या वाटेवर घर बांधून राहिले. शांतपणे राहायला म्हणून हं! तेव्हापासून गावाला शांतता नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तरी आधी तांब्याला नाक लावणार. यजमान ओशाळून विचारतो, "काय झालं सर?" हे म्हणणार, "काही नाही, वास बघतोय." घरात बरणी रिकामी झाली की तिच्यात तळ्यातलं पाणी भरून खिडकीत ठेवलंच. मी एकदा ते पन्हं समजून पेल्यात ओतलं, तर धावत येऊन पेला हिसकावला आणि म्हणाले, "सांडलं तर नाही ना?" माझी चौकशी नाही, पाण्याची!

त्यांचं वैर तळ्यावरच्या हिरव्या थराशी. श्रावणात पावसानं दडी मारली, ऊन तापलं, वारा पडला की हिरवा रंग ओतल्यासारखं तळं दिसतं. गाव म्हणतं, शेवाळ आलं. हे म्हणतात, "अहो, डोळ्याला न दिसणारे जीव आहेत ते. उसाला तुम्ही पोत्यानं डीएपी खत टाकता, ते वाहून तळ्यात उतरतं. वरून ऊन, पाण्यात ऊब, हलवायला वारा नाही. मग ते माजतात आणि त्यातले काही विष करतात."

"काही म्हंजे?" गाव विचारतं.

"एखाद्या वर्षी करतात, एखाद्या वर्षी नाही. ऊन, खत, पाणी, जसं जुळेल तसं."

असं उत्तर कुठं असतं का हो! गावाला हो किंवा नाही पाहिजे. पण हा माणूस खोटं बोलायला तयार नाही, काय करता!

मागच्या पोळ्याची गोष्ट. खांदेमळणीला, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, गावातले सगळे बैल तळ्यात धुवायची आमची रीत. आणि तळं तर हिरवंगार. सरपंचांनी डोकं चालवलं. मोसंबीवर फवारायला आणलेलं मोरचूद गोणपाटात बांधून पोरांकरवी पाण्यातून ओढलं. दोन-चार दिवसांत पाणी कसं, आरशासारखं! खांदेमळणीला बैल घेऊन तळ्याकडं निघताना सरपंच मिशीत हसत म्हणाले, "बघा सर, पळालं का न्हाई तुमचं विष?"

साडूभाऊ अनवाणी धावत आले. "अरे, विष त्यांच्या पोटात होतं. तुम्ही पोटं फोडलीत, ते सगळं पाण्यात उतरलं! हिरवं होतं तेव्हा निदान बैल लांब तरी ठेवत होता. आता स्वच्छ दिसतंय म्हणून पाजाल!"

"मंग हाय का न्हाई विष, ते एकदाचं सांगा."

"तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

गाव खो-खो हसलं. माझं टाळकंच सटकलं. हसता कशाला बे? माहीत नसलेलं माहीत नाही म्हणायला छाती लागते! साडूभाऊ मात्र सरळ वाटेवर आडवे पडले. धोतर नाही, चांगली इस्त्रीची पँट! तसेच पडून म्हणाले, "माझ्या घरी बोर आहे. बैल तिकडं न्या."

मी माझा पवळ्या आणि त्याचा जोडीदार त्यांच्या अंगणात नेला. मास्तरला तुडवून कोण जाणार? मग एकेक करून सगळेच आले. साडूभाऊ हातात नळी धरून दिवसभर बैल धूत होते, स्वतः चिंब. आमच्या मेहुणीबाईंनी, म्हणजे अक्कांनी, जपलेला झेंडू पार चिखलात गेला. एकही बैल दगावला नाही.

तर गाव काय म्हणतं? "काय झालं? काईच न्हाई! मास्तरनं उगं भ्या घातलं." ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. अरे, काही झालं नाही, हेच तर त्यानं केलं! दोन बैल मेले असते म्हणजे हार घातला असता का त्याच्या गळ्यात?

यंदा ते अक्कांना घेऊन पुण्याला, मुलाकडं आहेत. छातीचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणतात, चिडायचं नाही. म्हणजे जगायचं कसं, ते नाही सांगितलं. रोज दुपारी फोन येतो. रामराम नाही, ख्यालीखुशाली नाही. "तळ्यावर वारा आहे का?"

उद्या खांदेमळणी. तळं पुन्हा हिरवं, पान हलत नाही. अक्कांनी मला आधीच बजावलं होतं, "पाहुणे, त्यांना यातलं काही सांगू नका हं." दुपारी फोन आला. 'आहे' हा शब्द माझ्या ओठांवर होता. पण या माणसाशी खोटं कसं बोलू?

"न्हाई साडूभाऊ. पडलाय वारा."

पलीकडून ते सावकाश म्हणाले, "बोर चालू करा. आणि हे बघा, यंदा नळी झेंडूवरून नेऊ नका. अक्का फार हळहळली होती."

मी त्यांच्याच अंगणात उभा होतो. यंदा झेंडू लावायला इथं होतं कोण!

"न्हाई नेत," मी म्हटलं.