फ्लॉपीत गेलेलं नाव

नव्वदच्या दशकात मी आदिलाबादला कुष्ठरोगाच्या एका खाजगी दवाखान्यात कॉम्प्युटरवर नोंदी करत असे. हैदराबादहून आणलेला प्रोग्रॅम अहवाल छापताना मध्येच बंद पडायचा आणि बंद पडताना एक फाइल तयार करायचा. बिघाड शोधायला तीच फाइल पाठवा, असं प्रोग्रॅमवाल्यांनी फोनवर सांगितलं.

पाठवण्याआधी मी ती उघडून पाहिली. सगळी अगम्य चिन्हं, आणि मधोमध त्या वेळी उघड्या असलेल्या नोंदी : नाव, गाव, आजार. क्षणभर थांबले. या गिचमिडीत कोण वाचत बसणार, असं म्हणत फाइल फ्लॉपीवर घेतली, फ्लॉपी पाकिटात घातली आणि बसने पाठवून दिली. आठवड्यात प्रोग्रॅम दुरुस्त झाला.

महिन्याभराने गुडीहत्नूरकडचे एक शेतकरी आले. त्यांची मुलगी आमच्याकडे औषध घ्यायची. एकच चट्टा, तोही फिका पडत आलेला. गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. आता तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. मुलाचा मामा प्रोग्रॅमवाल्यांच्याच कचेरीत कामाला होता. आमची फाइल तपासायला तिथे कागदावर छापली होती, त्यात त्याने तिचं नाव वाचलं होतं.

डॉक्टरांना यातलं काही माहीत नव्हतं. इथून एक कागदही बाहेर जात नाही, असं ते ठामपणे सांगू लागले, तेव्हा मला बोलावंच लागलं.

"ती फाइल मी पाठवली."

त्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. "पाठोताना माह्या पोरीचं नाव दिसलं होतं तुमाले?"

"हो."

"मंग खोडलं काऊन नाही?"

ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. मुलीचं दवाखान्यातलं कार्ड मागून घेऊन ते निघून गेले.

डॉक्टरांनी फ्लॉपी परत मागवली, तिथले कागद जाळायला लावले. पुढे कधी बिघाड झाला की मी खोट्या नावांच्या नोंदी भरून तोच बिघाड मुद्दाम घडवायचे, आणि ती फाइल ओळ न ओळ वाचूनच पाठवायचे. उशीर होतो म्हणून हैदराबादचे लोक कुरकुरत.

मुलगी पुन्हा दवाखान्यात आली नाही. आमच्या नर्सबाई साध्या साडीत, पाहुण्या म्हणून तिच्या घरी जाऊन औषध देत राहिल्या. मी सोबत येऊ का म्हटलं, तर नको म्हणाल्या.

काही वर्षांनी कापसाच्या बाजारात तिचे वडील भेटले. पोरगी बरी झाली, लग्नही झालं, म्हणाले. कुठल्या गावी, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.