बोकड, फांदी आणि माझा डावा अंगठा

मी आजवर जेवढी बोकडं खाल्ली, तेवढी जिवंत होऊन रस्त्यावर उभी राहिली असती तर राळेगावहून यवतमाळला एकही एसटी पोचली नसती. यात कोणाला वाढवून सांगितल्यासारखं वाटत असेल त्याने कळंबपर्यंतच धरावं. त्याच्या अलीकडे मी यायचा नाही.

तर अशा माणसाच्या पायाच्या डाव्या अंगठ्यात वावरातलं पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडाचं, खुंट घुसलं. एवढंसं खुंट! पण जखम भरेना. आधी अंगठा लाल झाला, मग जांभळा, मग बाजारात वांग्यांच्या ढिगात ठेवला असता तर कोणी उचलून भाव विचारला असता असा. रक्त तपासलं तर साखर इतकी, की मी घरात आलो की मुंग्या गुळाचा डबा सोडून माझ्याकडे यायच्या. यवतमाळच्या डॉक्टरने जखम पाहिली आणि माझ्याशी न बोलता माझ्या बायकोशी बोलला. तिथेच मला घाम फुटला. गोळ्या एकही चुकवायची नाही. मटन, तर्री, तळण बंद. ज्वारीची भाकर, डाळी-उसळी आणि दोन्ही वेळा ताटभर पालेभाजी. पोळा झाला की दाखवायला या, तोवर साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि उशीर केला तर गोष्ट अंगठ्यावर थांबायची नाही.

आता पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, आमच्याकडे घरोघरी मटन शिजतं. त्या दिवसासाठी मी आधीच एक काळा बोकड आणून दारातल्या खांबाला बांधला होता. बायको त्याच्याकडे बघत म्हणाली, "बोकड पायजे का पाय पायजे, आताच सांगा. मले दोन्हीचं रांधता येत नाई."

मी पाय म्हणालो. बोकडाने ते ऐकलं असावं, कारण तेव्हापासून तो माझ्याकडे फार उर्मटपणे बघायचा.

आमच्या भागात निंदणाला, म्हणजे तण काढायला, गेलेली बाई रिकाम्या ओट्याने परतत नाही. पावसाळ्यात कपाशीच्या ओळींमधून कुंजर, तरोटा, चिवळ आपोआप उगवतं. या रानभाज्या खुडून पदराच्या ओट्यात घालायच्या आणि घरी आणायच्या. बायकोने तोच मार्ग धरला. सकाळी कुंजर, संध्याकाळी तरोटा, मध्ये जवसाची चटणी आणि मुगाची उसळ. "तुमच्यासंगं मीबी हेच खाईन," म्हणाली, आणि खाल्लं. मी इतका पाला खाल्ला की झोपेत रवंथ करायला लागलो. रोज सकाळी ती माझा पाय अंगणात उन्हात ठेवून वाकून बघायची.  मी अंगठ्याकडे बघतच नव्हतो, तिच्या तोंडाकडे बघायचो. पोळा जवळ येत चालला होता. एका सकाळी तिने जखमेच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "इथं गुलाबी दिसून राह्यलं." मी श्वास सोडला तो बहुधा झरी जामणीपर्यंत ऐकू गेला असेल.

पण ती वर्षं बोंडअळीची होती. कपाशी हातची जात होती, भाव पडलेला, आणि जो तो पाठीवर पंप घेऊन वावरात. एक फवारा झाला की दुसरा, हे विष नाही चाललं तर त्यात ते मिसळ. म्हणून गावाने एक रीत पाडली होती. ज्याने फवारलं त्याने धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, कडुनिंबाची फांदी खोचायची. फांदी दिसली की त्या वावरात भाजी खुडायची नाही, जनावर सोडायचं नाही. ही रीत ठरवताना मोठमोठी डोकी बसली होती, पण कडुनिंबाचा पाला बकऱ्या किती आवडीने खातात हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

त्या दुपारी मी घरी आलो तेव्हा बायको जेवून उठली होती. निंदणाने भूक लागली म्हणून आधी खाल्लं, म्हणाली. माझं ताट वाढलं. मी घास मोडला तोच आमचा शेजारी तंबाखू मागायला दारात आला. त्याचं वावर आमच्या धुऱ्याला लागून. त्याने ताटाकडे पाहिलं.

"वयनी, ही कुंजर कोठची?"

"तुमच्याच वावरातली, भाऊ. मोठी झालती."

त्याचा हात तसाच पुढे राहिला. "म्या सकायीच फवारा मारला तिथं. फांदी खोचलती ना."

"फांदी नव्हती," ती म्हणाली. पदराने तोंड पुसलं, आणि पुन्हा पुसलं. तोंडातून सारखी लाळ येत होती तिच्या. "मले गरगरून राह्यलं."

मी घास टाकला. दारात बोकड दावं तोडून उभा होता, आणि त्याच्या तोंडातून कडुनिंबाची काडी लोंबत होती.

शेजाऱ्याने मोटरसायकल काढली. विषाची रिकामी बाटली डॉक्टरला दाखवायला खिशात घातली, तेवढं त्याला सुचलं. बायको मध्ये, मी मागे तिला धरून. राळेगावचा तो रस्ता मी आयुष्यभर तुडवलेला, पण त्या दिवशी कोणीतरी तो रबरासारखा ताणून ठेवला होता. तिचा घाम माझ्या सदऱ्यातून माझ्या अंगाला लागत होता. मी तिला बोलतं ठेवायला काहीबाही विचारत होतो. आधी ती उत्तरं देत होती, मग नुसती हूं, मग तेही नाही.

दवाखान्यात बाटली बघून डॉक्टरने तिच्या पापण्या उघडल्या, सुई दिली, सलाईन लावलं आणि मला बाहेर काढलं. समोरच्या हॉटेलात रस्सा उकळत होता. वास नाकात शिरत होता. उभ्या जन्मात पहिल्यांदाच मटनाच्या वासाने मला मळमळलं. जिने माझा अंगठा वाचवायला पाला खुडला, तिचाच जीव त्या पाल्यात अडकला होता. अंगठा न्या, पाय न्या, असं मी भिंतीला सांगत होतो. 

उन्हं उतरली तेव्हा आत बोलावलं. ती पांढरीफटक पडली होती, पण डोळे उघडे होते. वेळेवर आणलंत, डॉक्टर म्हणाला. मी जवळ गेलो.  तीच बोलली.

"अंगठा दाखवा."

"अवं, आता अंगठा कायले?"

"दाखवा म्हनलं ना."

मी सगळ्या वॉर्डादेखत पाय उचलून तिच्या खाटेवर ठेवला. तिने सलाईन नसलेल्या हाताने चिंधी सरकवली, पाहिलं, आणि मान टेकून झोपली.

घरी आल्यावर मी डाव टाकून पाहिला. म्हटलं, बघ, भाजीतच विष निघालं, आता देवाचीच इच्छा दिसते की मी मटन खावं. ती म्हणाली, विष भाजीत नव्हतं, भाजीवर होतं. आणि कुदळ माझ्या हातात दिली. न्हाणीच्या मागे मी वाफे केले, पऱ्हाट्यांचं कुंपण घातलं, आणि तिने अंबाडी, माठ, पालक पेरला. फवारा नाही. अळी दिसली की हाताने वेचायची. वेचणारा अर्थात मी. गावानेही रीत बदलली. शेजाऱ्याने उंच बांबूवर आपला लाल सदरा बांधला, आणि मग हळूहळू धुऱ्याधुऱ्यावर सदरे फडकू लागले. बोकडाने एकाकडे मान वर करून पाहिलं आणि नाद सोडला.

पोळा झाल्यावर यवतमाळला गेलो. डॉक्टरने साखरेचा कागद पाहिला, अंगठा दाबून पाहिला, पुन्हा कागद पाहिला. बायकोने माझं मनगट इतकं आवळलं होतं की नाडी बघायला कोणाची गरज नव्हती. शेवटी तो म्हणाला, अंगठा राहू द्या तुमच्याकडेच. गोळ्या सुरू ठेवा, आणि जे खाताय तेच खात राहा.

काय खाता, असं त्याने विचारलं, तेव्हा मी आख्ख्या तालुक्याची कुंजर संपवली असं सांगितलं. बायकोने ते दुरुस्त केलं नाही.

करीचा दिवस तेव्हा होऊन गेला होता. त्या दिवशी गावभर रश्श्याचा धूर होता आणि आमच्या घरी अंबाडीची भाजी. बोकड पुढच्या बाजारात बायकोने विकला आणि त्या पैशांत मला पुन्हा खुंट टोचू नये म्हणून चामड्याचे बंद बूट आणले. तेव्हापासून कोणी विचारलं, काहून भाऊ, मटन सोडलं म्हणता, तर मी सांगतो: सोडलं कुठं, पायात घालून फिरतो.