हवालदाराची झडप

आमच्या हवालदाराने आयुष्यात एकदाही फौजेचा गणवेश घातला नव्हता. वडील, चुलते, थोरला भाऊ, सगळे पलटणीत. लढाई सुरू झाली तेव्हा शिराळ्याहून हाही भरतीला गेला. तिथल्या साहेबाने छातीला नळी लावली आणि त्याला घरी धाडले. काय बिघडले आहे ते सांगायची तसदी काही घेतली नाही. ते शोधायला हा पठ्ठ्या डॉक्टरी शिकायला आला. हवालदार हे नाव आम्हीच ठेवले, आणि त्याने ते हसत चालवून घेतले.

सांगलीत आम्ही तिघे एका खोलीत डॉक्टरीच्या सनदेच्या परीक्षेचा अभ्यास करायचो. रक्ताभिसरणाचा धडा निघाला की हवालदार सदरा काढून डाव्या कुशीवर पडायचा. "लावा रं नळ्या. पुस्तकातलं काळीज मेलेलं असतंय, हे चालू हाय." लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात त्याच्या काळजाची डावीकडची झडप आकसली होती. तिच्यातून रक्त सरकताना होणारी घरघर आम्ही त्याच्या छातीवर शिकलो. ती ठोक्याच्या आधी की नंतर, हे चुकले की तो चिडायचा. "मी मेल्यावर शिकणार हाईस व्हय?" आम्ही हसायचो. इतके निर्लज्ज हसणे त्या वयातच जमते.

त्याला सनद हवी होती ती गावासाठी. तसलाच ताप आलेली पोरे शिराळ्यात होती. "त्यांस्नी तरी कळाय पायजे काय झालंय त्ये," म्हणायचा.

ऐन परीक्षेच्या तोंडावर त्याला धाप लागली, खोकल्यातून रक्त पडले. इस्पितळात ठेवावे लागले. तोंडी परीक्षेला वॉर्डातलेच रोगी द्यायची आमच्याकडे पद्धत. माझी पाळी आली, परीक्षकांनी मला एका खाटेपाशी उभे केले. खाटेवर हवालदार! हा आपलाच उमेदवार हे त्यांच्या गावीही नव्हते. मी सांगायला तोंड उघडले, तर त्याने डोळ्यांनीच दटावले.

रिवाजाप्रमाणे मी विचारले, "धंदा काय?"

"शेती हाय, सायेब."

मी नळी लावली. झडप, घरघर, फुप्फुसांत तुंबलेले रक्त, सारे इंग्रजीत घडाघडा सांगितले. परीक्षक खूश झाले. खेडुताला इंग्रजी कुठले कळायला, अशा बेफिकिरीने त्यांनी त्याच भाषेत विचारले, "हा किती दिवस काढील?"

मी उगाच पुन्हा नळी लावली. परीक्षक घड्याळाकडे पाहू लागले. मला त्या परीक्षकांची भयंकर चीड आली होती, आजही येते.

तेवढ्यात खाटेवरून हळू आवाज आला, "सांग की गड्या. खरं सांग."

"वर्षसुद्धा नाही," मी इंग्रजीत म्हणालो.

परीक्षकांनी "छान" म्हटले आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

त्यानंतरच्या पहिल्याच नागपंचमीला, शिराळ्यात ढोल वाजत होते तेव्हा, तो गेला. माझे उत्तर बरोबर ठरले. मी डॉक्टर आहे तो त्या उत्तरावर.