पोरीचा ताबा

पेठ वडगावात सासऱ्यांच्या घरी मला भाईरच्या कट्ट्यावर बसवलं. आत पावणं कपबशीतनं चहा पीत हुतं. माझा चहा कागदी कपात आला. माझी पोरगी दारात उभी हुती. नवा फ्रॉक, दोन शेंड्या. एका पावण्यानं तिला विचारलं, "हे कोण गं?"

ती म्हणली, "कामाचा माणूस."

कुणी शिकवल्याबिगर चार वर्षांचं पोर असं बोलत न्हाय.

बायको डेंग्यूनं गेली तवा ही रांगत हुती. आमचं लग्न जातीभाईरचं. सासऱ्यांनी लेकीचं तोंड बघितलं ते थेट दवाखान्यात, चादर बाजूला सारून. मी शिरोलीला फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कामाला. रातपाळी. घरात दुसरं कोण न्हाय. सासू म्हणली, "थोडे दिवस राहू दे आमच्याकडं." मी दिली. मग न्यायला गेलो की पोरगी झोपलेली, न्हायतर गावाला गेलेली.

त्या दिवशी सासरे कागद घिऊन भाईर आले. रिटायर मुख्याध्यापक. त्यास्नी 'मामा' न्हाय, 'सर' म्हणायचं, हे लग्न झाल्या झाल्या बजावलेलं.

"माझा मुलगा हिला दत्तक घेतोय. सही कर. तुझ्या आडनावानं जन्मभर मागं राहील ती."

पेन हातात घेतलं. आणि एकदम डोस्क्यात आलं, ह्यांचं माझ्यावाचून अडलंय. न्हायतर बोलावलं असतं व्हय मला?

"न्हाय करत."

"काय?"

"सही न्हाय करत, मामा. बाप हाय मी तिचा."

"चालता हो," ते ओरडले. पोरगी आजीच्या मागं लपली.

मी एक वकीलबाई गाठल्या. त्यांनी तोंडावर सांगितलं, "तुमच्या संमतीशिवाय दत्तक होणार नाही. पण ताबा मागताय, तर कोर्ट पोरीचं भलं बघणार. तिला जेवायला कोण घालणार? ताप आला तर कोण जागणार?"

"मी."

नुसतं म्हणून भागत न्हवतं. रातपाळी सोडली. पगार घटला. स्वयंपाक शिकलो. भाकरी करपल्या, हात भाजला, शिकलो.

ताब्याचा दावा लावला. आता दर तारखेला कोर्टात पोरीची भेट असती. पोरगी मला बघून किंचाळती. गेल्या तारखेला मेव्हणा हसत म्हणाला, "ओळखत पण नाही ती तुला. सोड नाद."

न्हाय ओळखत. खरं हाय. ओळखू दिलंच न्हाय त्यांनी.

ती रडंल, मला चावंल, तोंड फिरवंल. मी तिथंच बसणार. एक तारीख चुकवणार न्हाय. हितं निकाल उलटा गेला तर वरच्या कोर्टात जाणार.