मॉरिसला इंजेक्शन

कार्डिफच्या हॉस्पिटलात सुप्रभा पांढरीपांडे म्हणजे शांत बाई अशी ओळख होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला पेशंट पहिलं पाऊल टाकायला घाबरला, की ती समोर उभी राहायची आणि त्याला लागेल तेवढा वेळ द्यायची. फिजिओथेरपीतल्या नव्या मुली तिच्याकडे बघून धीर धरायला शिकत. त्याच मुलींनी तिला शनिवारी गॅरेजमध्ये पाहिलं असतं, तर ओळखलं नसतं.

गॅरेजमध्ये तिची मॉरिस गाडी होती. अडुसष्ट सालची, मागच्या भागाला लाकडी चौकट असलेली, फिकट हिरवी. नागपूरहून लग्न करून सतीशच्या मागोमाग ती इकडे आली, नोकरी लागली आणि स्वतःच्या पसंतीने तिने पहिली मोठी वस्तू घेतली ती ही. हाडांचा डॉक्टर असलेल्या सतीशने नंतर कितीतरी गाड्या बदलल्या. सुप्रभाने हीच ठेवली. हिवाळ्यात लाकडाच्या सांध्यांत शेवाळ धरायचं, ते ती जुन्या टूथब्रशने घासून काढायची आणि त्याबद्दल कधी कुरकुर करायची नाही.

कुरकुर होती ती हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरबद्दल. वेल्समधल्या ओल्या सकाळी चोक किती ओढायचा, कधी आत ढकलायचा, याचा अंदाज थोडा जरी चुकला तरी पेट्रोलचा भपकारा यायचा आणि गाडी हटून बसायची. मग शेजारच्या ग्विनला हाक मारायची. ग्विन भूगोलाचा रिटायर्ड मास्तर. सपाता घालूनच यायचा, बॉनेट उघडायचा, मान तिरकी करून ऐकायचा आणि एक स्क्रू किंचित फिरवायचा. गाडी चालू.

"काय केलंत?" ती विचारायची.

"काही नाही. ऐकलं."

हे उत्तर तिच्या डोक्यात जायचं. तिने तोच स्क्रू तेवढाच फिरवून पाहिला होता. उपयोग शून्य.

एका फेब्रुवारीत गॅबाल्फाच्या राउंडअबाउटवर गाडी बंद पडली. मागे बस, बसमागे अर्धं शहर, सगळ्यांचे हॉर्न. क्लिनिकमध्ये पेशंट ताटकळलेले. तिने मोबाइलवरून ग्विनला बोलावलं, तो आला, त्याने ऐकलं, गाडी सुरू झाली. "थँक यू" म्हणताना तिचे दात एकमेकांवर घट्ट होते. स्वतःच्या गाडीसाठी दुसऱ्याच्या कानावर अवलंबून राहायचं, हे आता पुरे झालं असं तिने ठरवलं.

त्या सुमारास, दोन हजार चारच्या आसपास, इंटरनेटवर हौशी लोक जुन्या गाड्यांना घरच्या घरी कार्ब्युरेटरच्या जागी पेट्रोलचं इंजेक्शन बसवू लागले होते. इंजिन किती तापलंय, हवा किती आत येतेय, फेरे किती होतायत, हे एक छोटा कंप्युटर मोजतो आणि त्या बेताने पेट्रोल फवारतो. सगळं आकड्यांत. लॅपटॉप जोडला की समोर दिसतं. सुप्रभाला हेच हवं होतं.

"विकून टाक ना ती," सतीश म्हणाला. "एक बरीशी गाडी घेऊ."

"मी तुला तुझी गाडी विक म्हणते का?"

"माझी चालते."

त्यावर ती उठून गॅरेजमध्ये गेली.

काय बेत आहे असं कुंपणापलीकडून ग्विनने विचारलं, तेव्हा तिने खरं ते सांगितलं. त्याचा चेहरा पडला. "चांगल्या इंजिनाला कंप्युटर कशाला, सू?"

"कारण तुम्ही ऐकता ते मला ऐकू येत नाही. आणि तुम्ही ते सांगतही नाही."

"सांगता येत नाही ते," तो म्हणाला आणि आत निघून गेला. त्यानंतर बरेच दिवस तो कुंपणाशी आला नाही.

भंगारवाल्याकडून तिने नंतरच्या काळातल्या एका छोट्या गाडीचा इंजेक्टर आणला. पेट्रोलला जास्त दाब देणारा पंप बसवला, उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी टाकली. इंजिनाच्या पुलीवर दातेरी चाक चढवलं आणि त्याचे दात मोजणारा सेन्सर त्याच्यासमोर बसवला. कंप्युटरची सर्किटची पाटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतः सोल्डर केली. घरात आठवडाभर जळका वास होता. युनिव्हर्सिटीतून घरी आलेल्या आर्याने नाक मुरडलं. "आई, तुझा गाडी आता किचनमध्येपण आला?"

"तुझी गाडी. आली."

"माझी नाहीये, तुझा आहे," लेक म्हणाली. सुप्रभाने पुढे व्याकरण शिकवलं नाही.

वायरिंगचं तिला खास कौतुक होतं. सगळ्या वायरी एका जुडीत, ठरावीक अंतरावर पट्ट्यांनी आवळलेल्या, बॉनेटखाली वेणी घातल्यासारख्या. पुढच्या वसंतात किल्ली फिरवली आणि इंजिन चक्क पहिल्याच फटक्यात चालू झालं. ती गॅरेजमध्ये एकटीच ओरडली.

आनंद गल्लीच्या टोकापर्यंत टिकला. गाडीने जरा वेग घेतला की इंजिनाला उचकी लागायची. एक, दोन आणि बंद. परत किल्ली फिरवली की चालू, वेग वाढवला की उचकी. तिने सेन्सर बदलला. उचकी. पंप बदलला. उचकी. पाटीवरचा प्रत्येक सांधा नव्याने सोल्डर केला. इंटरनेटवरच्या हौशी लोकांच्या फोरमवर प्रश्न टाकला तर दहा जणांनी दहा कारणं सांगितली आणि अकराव्याने विचारलं, कार्ब्युरेटर परत का बसवत नाही? त्याला काय लिहावं हे तिला सुचलं, पण ते तिने लिहिलं नाही.

उन्हाळा गेला. ती बसने हॉस्पिटलला जायची. सतीश जेवताना गाडीचा विषय मुद्दाम टाळायचा, आणि त्याचाही तिला राग यायचा.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी, गॅरेजच्या बाहेर, नवा सेन्सर बसवूनही तीच उचकी लागल्यावर, तिचा तोल सुटला. तिने पक्कड घेतली आणि त्या सुबक वेणीच्या पट्ट्या एकामागून एक कापून टाकल्या. वायरी, टोकं जोडलेली तशीच, उपसून बाहेर ओढल्या. "खड्ड्यात जा!" ती शुद्ध नागपुरी आवाजात गरजली. वायरी बॉनेटच्या कडेवरून लोंबू लागल्या. पावसाचे थेंब सुरू झाले, म्हणून गाडी आत घ्यायला ती बसली, किल्ली फिरवली आणि गिअर न टाकताच रागाने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला.

इंजिन चढत गेलं. उचकी नाही. तिने पाय काढला, परत दाबला. नाही.

ती उतरून बघत राहिली. मग हळूहळू उलगडलं. वेणी सुंदर दिसावी म्हणून सेन्सरची वायर तिने स्पार्क प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या जाड केबलला चिकटवून बांधली होती. वेग वाढला की ठिणग्यांचा गोंधळ सेन्सरच्या वायरीत शिरायचा आणि कंप्युटरची दातांची मोजणी चुकायची. सेन्सरला दोष नव्हता, पंपाला नव्हता. तिला हसू आलं नाही. वाया गेलेला उन्हाळा आठवून ती बाजूच्या डब्यावर बसली आणि थोडं रडली.

जाळीचं आवरण असलेली नवी वायर तिने लांबून, वेडीवाकडी फिरवून नेली. मग एक भाग पेट्रोलला हवेचे किती भाग, ते आकडे जुळवायचे होते. त्याला एकाने गाडी चालवायची आणि दुसऱ्याने लॅपटॉप बघायचा. दुसरा म्हणजे सतीश.

केरफिलीचा डोंगर चढताना तो म्हणाला, "मला मळमळतंय."

"आकडा सांग."

"चौदा. तेरा. सुप्रभा, थांबव."

"चढावर थांबायचं नाही. आकडा?"

"बारा! बारा आणि मी आता उलटी करणार आहे!"

त्याने वरच्या पार्किंगमध्ये उतरून खरंच उलटी केली. परतीच्या वाटेवर मात्र त्याने लॅपटॉप पुन्हा मांडीवर घेतला आणि डोळे बारीक करून आकडे वाचत राहिला. सुप्रभाने त्याला दुसऱ्यांदा विचारलंही नव्हतं.

जानेवारीत गोठलेल्या सकाळी तिने किल्ली फिरवली, मॉरिस लगेच सुरू झाली. कुंपणाशी ग्विन उभा होता, सपातांत.

"बसू का?" त्याने विचारलं.

तिने दार उघडलं. ते गॅबाल्फापर्यंत गेले. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ग्विनने मान तिरकी केली.

"थांबल्यावर इंजिन जरा डुलतंय."

तिला ते ठाऊक होतं. या जुन्या इंजिनात दोन-दोन सिलिंडरना पेट्रोल एकाच तोंडातून जातं, वाटणी कधी सारखी होत नाही. महिनाभर आकड्यांशी झगडून तिने हात टेकले होते.

"डुलू दे," ती म्हणाली. "काय केलं की थांबेल, सांगता?"

ग्विन बराच वेळ ऐकत राहिला. सिग्नल हिरवा झाला.

"नाही कळत," तो शेवटी म्हणाला.

सुप्रभाने गिअर टाकला. हॉस्पिटलला उशीर होत होता, आणि त्याला आधी घरी सोडायचं होतं.