पाण्यानं कापलेला ओटा

मोनाली मेश्राम आमच्या इंदोऱ्याच्या गल्लीत राहते, अगदी माझ्या दारासमोर. डबे करते. धंतोलीतल्या दवाखान्यांत गोंदिया, गडचिरोली, यवतमाळकडून पेशंट येतात. त्यांच्याजवळ थांबलेल्या माणसांना ती दोन्ही वेळा घरचं जेवण पोचवते. हा धंदा तिनं हौसेनं काढलेला नाही. तिचा नवरा धम्मानंद तिथल्याच एका दवाखान्यात पडून होता आणि ही त्याच्या उशाशी समोसे खाऊन दिवस काढत होती. शेजारच्या कॉटजवळच्या म्हातारीनं एकदा विचारलं, "पोरी, साधं वरण-भात कुठं मिळते वं इथं?" दुसऱ्या दिवशी मोनालीनं घरून दोन डबे जास्तीचे नेले. तिथून सुरुवात झाली.

धम्मानंद दगड कापायचा. कळमन्याकडे रूपरावांची शेड आहे. तिथं मोठ्या लोकांच्या स्वयंपाकघरांसाठी क्वार्ट्झचे ओटे तयार होतात. हा क्वार्ट्झ काही खाणीतून अखंड निघत नाही. गारगोटीचा चुरा रसायनात कालवून, घट्ट दाबून त्याच्या लाद्या करतात. दिसायला फार देखण्या, पण कोरड्या कापल्या की मैद्यासारखी धूळ उडते. धम्मानंद संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या असत. आम्ही हसायचो. तोही हसायचा.

मग खोकला लागला. वस्तीतल्या डॉक्टरनं टीबीच्या गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, खोकला संपला नाही. धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं, "काम काय करता?" त्यांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि सांगितलं की आत धूळ बसली आहे आणि आता ती निघायची नाही. चाळिशीही न गाठलेला हा माणूस आज गल्लीच्या टोकापर्यंत गेला की विजेच्या खांबाला धरून उभा राहतो.

मोनालीनं शेडविरुद्ध सरकारदरबारी तक्रार केली. मी तिला म्हटलं, "कशाला नादी लागतेस? यानं धम्मानंदची छाती थोडीच बरी होणार?"

"त्यांची नाही होत, काकू," ती म्हणाली. "पण शेडमधे आजही कोरडंच कापून राहिले ना."

त्याच सुमारास तिनं मागची पडवी बंद करून स्वयंपाकघर वाढवायला घेतलं होतं. इतके डबे ती एका डुगडुगत्या टेबलावर शेगडी ठेवून करायची. आता तिला चांगला दगडी ओटा हवा होता. ही बातमी शेडपर्यंत पोचली असावी, कारण एका सकाळी गल्लीत टेम्पो शिरला आणि त्याच्या मागून गाडीतून स्वतः रूपराव उतरले.

"जय भीम, वहिनी," ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून गल्लीत कुणी कधी ऐकला नव्हता. "धम्मानंद आमच्या घरचाच माणूस. तुमचा ओटा माह्याकडून. कापून, बसवून देतो. फक्त ते तक्रारीचं तेवढं मागं घ्या. घरची गोष्ट घरातच राहू द्या."

टेम्पोत क्वार्ट्झची लादी उभी बांधलेली होती. पांढरीशुभ्र, मधून राखाडी रेघा धावलेल्या. सगळी गल्ली पाहत राहिली.

"हे उतरवू नका, भाऊ," मोनाली म्हणाली.

तिची सासू कांताबाई दारातच कडाडली. "काहून वं? ज्या दगडानं माह्या पोराची छाती खाल्ली, त्याचा एक तुकडा तरी माह्या घरात लागू दे!"

म्हातारीचं म्हणणं काही खोटं नव्हतं.

धम्मानंद हळूहळू बाहेर आला. टेम्पोला टेकून त्यानं दम घेतला आणि लादीच्या कडेवरून तळहात फिरवला. हे काम त्याचं आवडतं होतं, हे विसरून चालायचं नाही. "पैल्या नंबरचा माल आहे," तो म्हणाला. "सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यायत असे किती ओटे लावून आलो मी. आपल्या घरी एक असावा, असं लय वाटे."

मला वाटलं, संपलं. आता लादी उतरणार. मोनालीनं नवऱ्याकडे पाहिलं. आवाज न चढवता तिनं रूपरावांना विचारलं, "याच्यात सिंकची खाच कोण कापन?"

"रजत कापन ना. धम्मानंदनंच शिकवलेला आहे. आता याच्या जागेवर तोच आहे."

"कोरडंच?" हे मात्र धम्मानंदनं विचारलं.

"घडीभराचं काम, त्याले पाणी काय लावाचं?" रूपराव हसले. "चिखल होते नुसता."

धम्मानंदनं लादीवरचा हात काढला आणि पँटला पुसला. "घेऊन जा, भाऊ."

रूपरावांचा चेहरा बदलला. ते मोनालीकडे वळले. "उद्या शेड बंद पडली तं रजतच्या घरची चूल तू पेटवशीन का?"

"शेड बंद करा असं म्हणूनच नाही राहिली मी. मशीनले पाण्याचा नळ लावा म्हणून राहिली." आता तिचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू गेला. "आणि तक्रार मागं नाही घेत. एका ओट्यात नाही, दहा ओट्यांत नाही."

टेम्पो वळायला गल्लीत जागा नव्हती. तो तसाच उलटा, हॉर्न वाजवत बाहेर गेला. कांताबाई कित्येक दिवस सुनेशी बोलली नाही.

पुढं नवराबायको वाडीच्या रस्त्यावरच्या दगडांच्या दुकानात जाऊन काळा ग्रॅनाइट पसंत करून आले. चुलीवरचं उकळतं पातेलं थेट टेकवलं तरी त्याला काही होत नाही, आणि तिला तेच हवं होतं. दुकानदार म्हणाला, "बरं केलं, ग्रॅनाइटच्या धुळीनं काही नाही होत." धम्मानंद म्हणाला, "होते. कमी होते, पण होते." म्हणून तोही वरून पाणी सोडतच कापायचा, असं ठरलं.

देवाजी मिस्त्री कुरकुरला. असल्या कामाला तिप्पट वेळ लागतो, अंगण खराब होतं, पाणीवाली कटर दुसऱ्याकडून आणावी लागते. मोनालीनं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "आणा." देवाजीला तोंडाला मास्क बांधायला लावला, ओढणी कमरेला खोचली आणि पाइप धरून ती स्वतः उभी राहिली. दिवसभर कटर चालली. पांढरा ढग एकदाही उठला नाही. फक्त काळपट गाळ वाहत वाहत माझ्या उंबऱ्यापर्यंत आला. मी कपाळाला आठ्या घालून बाहेर आले.

"काकू," ती पाइप न सोडता म्हणाली, "पायाले लागला तं धुता येते."

मी खराटा घेऊन आले.

तक्रारीचं काय झालं ते सांगते. तपासणीवाले आले. शेडमधल्या मोठ्या मशीनना पाण्याची जोडणी झाली, पण कडा घासायचं हातमशीन कोरडंच राहिलं. रूपरावांनी सगळीकडे सांगितलं की धम्मानंदची बायको खाल्ल्या घरचे वासे मोजणारी आहे. शेडमधल्या काही कामगारांनी या दोघांशी बोलणं सोडलं. धम्मानंदची छाती आहे तशीच आहे. डॉक्टरीणबाई खोटी आशा देत नाहीत.

मागच्या आठवड्यात रजतची बायको वैभवी मोनालीकडे आली. रजतला खोकला लागला होता. मोनालीनं तिला त्याच डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं, आणि दोन दिवसांनी डबे पोचवून झाल्यावर तिला स्कूटरवर मागं बसवून सरळ शेडवर गेली. कुणी आत बोलावलं नव्हतं. फाटकावरच्या माणसानं अडवलं.

"कोणाले भेटाचं आहे?"

"कोणालेच नाही," मोनाली म्हणाली. "पाहाले आलो. चालवा ते कडा घासाचं मशीन."